परत फिरण्याचे धैर्य

सुट्टी जवळ आली, की घरोघरी एक संवाद ठरल्याप्रमाणे ऐकू येतो. मुले म्हणतात, "आम्हांला गडावर जायचे आहे." आई म्हणते, "नको रे बाबा! पाय घसरला म्हणजे?" मुले म्हणतात, "मग समुद्रावर जाऊ." त्यावर आजी म्हणते, "पाण्याशी खेळ बरा नव्हे." वडील वर्तमानपत्रातून डोके वर न काढताच म्हणतात, "मोठे झालात म्हणजे जा." अखेरीस काही मुले घरातच बसून राहतात, आणि काही मुले घरी न सांगता जातात. पहिल्या मार्गाने शरीर आणि मन आळसावते. दुसऱ्या मार्गाने जीव धोक्यात पडतो. या दोहोंवाचून तिसरा मार्गच नाही काय? तो आहे, असे माझे मत आहे. आणि तेच मी येथे मांडणार आहे.

प्रथम आपण राहतो कोठे, याचा विचार करू. तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर पसरलेल्या पर्वतरांगेचा एक मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात आहे. त्यालाच आपण सह्याद्री म्हणतो. त्याच्या माथ्यावर आणि सुळक्यांवर शेकडो किल्ले आहेत. त्याच्या पायथ्याशी कोकणची चिंचोळी पट्टी आहे, आणि तिच्या काठाशी अरबी समुद्र अहोरात्र गर्जत आहे. गोव्याच्या पलीकडेही हीच जोडी पुढे चालू राहते. ज्या प्रदेशाच्या एका बाजूस असा पर्वत आणि दुसऱ्या बाजूस असा सागर उभा आहे, तेथील मुलांनी डोंगर केवळ चित्रात पाहावा आणि लाटा केवळ पडद्यावर पाहाव्या, ही गोष्ट नदीकाठी राहून तहानलेले राहण्यासारखीच नव्हे काय?

तथापि वडील माणसांचे भय निराधार आहे, असे मात्र कोणी समजू नये. २०१६ सालच्या फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी, पुण्याहून मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेल्यांपैकी १४ विद्यार्थी समुद्रात बुडून मरण पावले. सकाळी हसत घराबाहेर पडलेली ती मुले परत आली नाहीत. पावसाळ्यात तर धबधब्याखाली, ओढ्यात, निसरड्या कड्यावर कोणी ना कोणी प्राणास मुकल्याची वार्ता दरवर्षी वाचावी लागते. अशी वार्ता वाचून ज्या आईचे हृदय कापत नाही, ती आई कसली? तेव्हा तिच्या "नको" या शब्दाला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंतु दुर्घटना घडली, की लगेच "सहली बंद करा, मुलांना बाहेर सोडू नका" अशी जी मागणी होऊ लागते, ती मला मान्य नाही. बंदीने मूल सुरक्षित होत नाही. ते केवळ अजाण राहते. जो मुलगा बाराव्या वर्षी जाणत्या माणसाचा हात धरून ओढा ओलांडायला शिकला नाही, तो अठराव्या वर्षी मित्रांच्या आग्रहाखातर त्याच ओढ्यात उडी घेतो. त्या वेळी त्याला अडवायला आई जवळ नसते, आणि पाण्याचा वेग ओळखण्याचे ज्ञानही त्याच्यापाशी नसते. भय फार दिवस पुरत नाही. ज्ञान जन्मभर पुरते.

आता डोंगर आणि समुद्र शिकवतात तरी काय, ते पाहू. पुस्तकात आपण वाचतो, की सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारसाचा बनलेला आहे. पण हे वाक्य खरे कळते केव्हा? हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जाणत्या माणसासोबत पोटावर पालथे पडून खाली पाहावे. तो प्रचंड, आत वळलेला कडा पाहिला, म्हणजे थरावर थर कसे बसले आहेत ते डोळ्यांना स्पष्ट दिसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून हा रस पुन:पुन्हा वाहिला, थिजला, आणि त्याचे हे थर बनले. सह्याद्री देशाकडे हळूहळू उतरत जातो आणि कोकणाकडे एकदम तुटतो, हेही तेथे उभ्या उभ्या समजते. आपल्या राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. हा आकडा पाठ करायला एक क्षण पुरतो. पण बारी गावातून निघून, शिड्या चढून, घामाघूम होऊन जो माथ्यावरील देवीच्या लहानशा देवळापाशी पोहोचतो, त्याच्या पोटऱ्यांना तो आकडा पुढे कधीच विसरता येत नाही.

वाटेवर पाठ्यपुस्तकात नसलेल्या गोष्टीही भेटतात. साधारणतः सात वर्षांतून एकदा फुलणारी कारवी त्या वर्षी उतारच्या उतार जांभळे करून टाकते. याच कारवीच्या काठ्यांवर माती आणि शेण लिंपून डोंगरातील माणसे आपल्या घरांच्या भिंती उभारतात. भीमाशंकरच्या रानात आपला राज्यप्राणी शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेताना दिसला, तर पाहणारा बोलायचेच विसरतो. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाण्याच्या मधोमध भले मोठे शिवलिंग आहे. त्याच्या चार खांबांपैकी एकच आज अखंड उरला आहे. त्या अर्ध्या अंधारात कंबरभर पाण्यात उभे राहिले, की ज्या कारागिरांनी हा कातळ कोरला त्यांच्या चिकाटीची थोडीशी कल्पना येते.

समुद्रही असाच गुरू आहे. कोकणातील कोळ्याला तुम्ही विचारा, "आज भरती किती वाजता?" तो प्रथम तिथी कोणती ते आठवील, आणि मग वेळ सांगेल. कारण किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास. दिवसा आणि रात्री, अशी ही भरती दोनदा येते, आणि तिच्यानंतर साधारणतः सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग उशिरा येते. पाऊणपटीचे गणित त्यातूनच निघाले. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या सुमारास येते ती उधाणाची भरती. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा वेळी पाणी सुमारे चार मीटर चढते. अष्टमीच्या सुमारास येते ती भांगाची भरती. तिचा जोर कमी असतो. पहा, आकाशातला चंद्र, पंचांगातली तिथी, अंकगणितातला अपूर्णांक आणि पायाखालची वाळू, या चारही गोष्टी येथे एकत्र आल्या! कोणत्या वर्गात त्या अशा एकत्र येतात?

याखेरीज आणखी एक शिक्षण आहे, आणि मी त्याला सर्वांत मोठे मानतो. चढणीवर सर्व सारखे असतात. कोणाचे वडील मोठे अधिकारी आहेत आणि कोणाचे वडील हातगाडी ओढतात, हे कड्याला ठाऊक नसते. सर्वांची भाकरी एका फडक्यावर येते. कोणाची चटणी, कोणाचा कांदा, कोणाचा गूळ, आणि ते अन्न पंचपक्वान्नांहून गोड लागते. दमलेल्या सोबत्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेणे आणि सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने सर्वांनी चालणे, हा नागरिकत्वाचा पाठ डोंगरावर आपोआप मिळतो. म्हणून मुलांनी, आणि मुलांइतक्याच हक्काने मुलींनीही, डोंगरावर आणि समुद्रकिनारी गेलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र जाणे निराळे आणि धावत सुटणे निराळे. येथे मला दुसऱ्या पक्षाशी भांडायचे आहे. काही तरुण असे समजतात, की जो धोक्याची पर्वा करीत नाही तोच शूर. शेवाळलेल्या दगडावरून उड्या मारणे, कड्याच्या अगदी टोकावर पाठमोरे उभे राहून छायाचित्र काढून घेणे, मधमाश्यांच्या पोळ्याखाली आरडाओरडा करणे, किनाऱ्यावर लावलेल्या सूचनेकडे पाठ फिरवून लाटांत शिरणे, यांना ते साहस म्हणतात. हे साहस नव्हे. हे अज्ञान होय. ज्याला धोका दिसतच नाही, त्याने धोक्याला तोंड दिले असे कसे म्हणावे? डोळे मिटून रस्ता ओलांडणाऱ्याला आपण शूर म्हणत नाही.

समुद्राचेच एक उदाहरण घेऊ. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत कोठून जाते? पुष्कळदा ते एखाद्या अरुंद, खोलगट पट्टीतून वेगाने समुद्राकडे परतते. या परतीच्या प्रवाहात सापडलेला माणूस किनाऱ्याकडे कितीही जोराने हात मारू लागला, तरी आत आतच ओढला जातो; पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तो प्रवाह जुमानत नाही. आणि चमत्कार असा, की वरून पाहणाऱ्याला तीच जागा सर्वांत शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात, आणि मधल्या पट्टीत मात्र पाणी गडद आणि निवांत भासते. अजाण माणूस नेमका तेथेच उतरतो! ज्याला हे माहीत आहे तो तेथे पाऊलही टाकणार नाही. आणि यदाकदाचित कोणी सापडलाच, तर त्याने प्रवाहाशी झुंज घेऊ नये. शरीर सैल सोडून तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि किनाऱ्याच्या दिशेने न जाता किनाऱ्याला समांतर, आडवे सरकून त्या अरुंद पट्टीबाहेर पडावे. काठावरच्यांनीही त्याच्या मागे पाण्यात उड्या टाकू नयेत. दोर, रिकामा डबा, लाकडाचा ओंडका, जे तरंगेल ते फेकावे आणि जाणत्यांना हाक मारावी. एकाला वाचवायला गेलेले अनेकजण बुडतात, ते याच एका गोष्टीच्या अज्ञानामुळे.

म्हणून मी म्हणतो, की तयारी ही साहसाच्या आधीची कटकट नव्हे. ती साहसाचाच पहिला भाग आहे. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर पाय ठेवला. त्यानंतर आपल्या देशाने काय केले? दीड वर्षाच्या आत, नोव्हेंबर १९५४ मध्ये, दार्जिलिंग येथे गिर्यारोहणाची शाळा उघडली, आणि प्रत्यक्ष शिक्षणाचे काम तेनसिंग यांच्याकडे सोपवले. शिखर जिंकल्यावर केवळ जयघोष करून न थांबता शाळा काढावीशी वाटली, ही गोष्ट मला त्या चढाईइतकीच मोलाची वाटते. पुढे २०१४ साली, आजच्या तेलंगणातील एका खेड्यात जन्मलेली पूर्णा मालावत ही मुलगी वयाच्या चौदाव्या वर्षी एव्हरेस्टवर पोहोचली. शेतमजुरी करणाऱ्या आदिवासी आईबापांची ही लेक तुमच्याहून फार मोठी नव्हती. पण तिची कथा सांगताना लोक माथ्याचीच गोष्ट सांगतात. भोंगीरच्या खडकावर ती चढायला शिकली, दार्जिलिंगच्या त्याच शाळेत तिने धडे घेतले, लडाखच्या थंडीत अंग कसून घेतले, हे सांगायला विसरतात. माथ्यावरील काही क्षणांमागे महिनोन्‌महिन्यांचे कष्ट उभे होते.

आता मी माझ्या लहानपणीची एक आठवण सांगतो. मी तेव्हा सातवीत होतो. भाद्रपद सरत आला होता. पाऊस ओसरला असे समजून आमचे गुरुजी आम्हां बारा-तेरा मुलांना घेऊन खिरेश्वराच्या बाजूने हरिश्चंद्रगडावर निघाले. वाट दाखवायला गावातले एक वृद्ध गृहस्थ बरोबर होते. त्यांना आम्ही सगळे बाबा म्हणत होतो. टोलार खिंडीपर्यंत आम्ही मोठ्या उत्साहाने आलो. तेथे वाघाचे एक जुने शिल्प आहे. ते पाहून आमच्या आरोळ्यांना तर ऊतच आला. खिंडीच्या पुढे कातळाचा उभा टप्पा लागतो. बाबा तेथे थांबले. त्यांनी कातळावरून हात फिरवला, वर ढगांकडे पाहिले, आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, कातळ ओला आहे आणि वर धुकं उतरतंय. आज पोरं घेऊन वर जायला नको. गड कुठं पळून जात नाही."

गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि सांगितले, "मुलांनो, मागे फिरा."

आमची जी निराशा झाली, ती काय सांगावी! कोणी रुसले, कोणी पाय आपटले. मी तर सर्वांत पुढे होऊन म्हणालो, "गुरुजी, आपण भ्यालो असे लोक म्हणतील." गुरुजी रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "म्हणू दे. तुम्हांला घरी नेऊन पोहोचवण्याचे वचन मी लोकांना दिलेले नाही, तुमच्या आईवडिलांना दिले आहे."

तुम्हांला वाटेल, की पुढे मुसळधार पाऊस कोसळला आणि गुरुजींचे म्हणणे खरे ठरले. तसे काही झाले नाही. आम्ही गावात परतलो तेव्हा ढग पांगले होते, आणि मावळतीच्या उन्हात गड स्वच्छ दिसत होता. आम्ही गुरुजींकडे अशा नजरेने पाहिले, की जणू त्यांनीच आमचा गड चोरला! मला तर कित्येक दिवस वाटत राहिले, की त्या दिवशी उगाच परत फिरलो.

पुढे मार्गशीर्षात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी कातळ कोरडा होता. तो टप्पा चढताना खाली पाहिले, तेव्हा माझ्या पोटात गोळा उभा राहिला. आणि ओल्या कातळावर, धुक्यात, बारा-तेरा पोरे येथून चढताना काय झाले असते, हे मला कोणी न सांगताच कळले. त्या संध्याकाळी कोकणकड्यावर बसून आम्ही सूर्यास्त पाहिला. गड खरोखरच कोठे पळून गेला नव्हता.

मोठेपणी या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या दिवशी पाऊस आला नाही, म्हणून गुरुजींचा निर्णय चुकीचा ठरतो काय? मुळीच नाही. निर्णयाच्या वेळी जे दिसत होते आणि जे माहीत होते, त्यावरून तो योग्यच होता. ओल्या कातळावरून दहा वेळा चढून जो सुखरूप परतला, तो दहा वेळा शहाणा ठरत नाही. तो दहा वेळा दैवाच्या कृपेने वाचला, एवढेच म्हणता येईल. सुदैवाला कौशल्य समजणे, ही डोंगरातली सर्वांत घातक चूक होय. आणि आणखी एक गोष्ट मला कळली. वर चढायला त्या दिवशी धैर्य लागलेच नसते. आम्ही सगळे आरडाओरडा करीत एकमेकांच्या भरीला पडून चढलो असतो. धैर्य लागले ते गुरुजींना, तेरा नाराज तोंडांसमोर "मागे फिरा" असे म्हणायला.

असे धैर्य थोर गिर्यारोहकांनीही दाखवले आहे. १९५३ च्या त्याच मोहिमेत, तेनसिंग आणि हिलरी यांच्या तीन दिवस आधी, २६ मे रोजी, टॉम बोर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स हे दोघे शिखराच्या दिशेने निघाले होते. ते दक्षिण शिखरावर पोहोचले. त्यापूर्वी इतक्या उंचीवर कोणत्याही माणसाचे पाऊल पडले नव्हते. जगातील सर्वोच्च माथा त्यांच्यापासून उंचीने केवळ शंभर मीटरांच्या आसपास उरला होता. पण दुपार झाली होती, प्राणवायूच्या साधनांत बिघाड होता, आणि पुढे गेल्यास परत येण्याइतका प्राणवायू व वेळ उरणार नाही, हे त्यांना कळत होते. ते दोघे परत फिरले. पहिल्या विजयाचा मान त्यांनी हातचा सोडला. पण ते जिवंत परतले. वाटेत त्यांनी ठेवलेल्या प्राणवायूच्या नळकांड्या तेनसिंग आणि हिलरी यांना परतीच्या वेळी उपयोगी पडल्या. सांगा, त्या दोघांना कोणी भित्रे म्हणेल काय?

येथे कोणी मला रायगडच्या हिरकणीची आठवण करून देईल. गडाचे दरवाजे बंद झाले असता, घरी राहिलेल्या तान्ह्या बाळासाठी ही गवळण अंधारातून अवघड कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. तिने तर धोक्याची पर्वा केली नाही! खरे आहे. पण ती मौजेसाठी उतरली नव्हती, की कोणी पाहावे म्हणून उतरली नव्हती. तिचे बाळ भुकेने रडत होते. आणि त्या आख्यायिकेचा उत्तरार्धही ध्यानात ठेवावा. शिवाजी महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्याच जागी बुरूज बांधविला, असे सांगतात. म्हणजे धैर्याचा सन्मानही झाला आणि धोक्याची वाटही बंद झाली. शहाण्या राजाने दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या. आपल्यालाही त्या दोन्ही करता आल्या पाहिजेत.

डोंगरात काय किंवा किनाऱ्यावर काय, त्या जागेचे खरे जाणकार म्हणजे तेथे राहणारी माणसे. महादेव कोळी, ठाकर, धनगर, किनाऱ्यावरचे कोळी आणि गाबीत, यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या भूमीवर आणि त्या पाण्यावर गेल्या आहेत. कोळ्यांइतका समुद्राचा सराव कोणाला असणार? पण भर पावसाळ्यात तेही होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, आणि परंपरेने नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करूनच पुन्हा पाण्यात उतरतात. जन्मभर ज्यांचे घर समुद्रावर चालते, ते समुद्राला "आज नको" म्हणू देतात. मग चार घटकांच्या मौजेसाठी आलेल्या आपण त्यांचे का ऐकू नये? त्यांना "अहो मामा," "अहो बाबा" म्हणून आदराने विचारावे. त्यांच्या गावात गोंगाट करू नये, त्यांच्या पाणवठ्यावर घाण करू नये. आणि त्यांच्याकडून शिकावे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालायला येतात. एकेका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात. पूर्वी ती अंडी खाण्यासाठी उकरून नेली जात. आज तेच गावकरी त्यांची राखण करतात, आणि दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडलेली इवलीशी पिल्ले समुद्राकडे सरपटत जाताना पाहायला दूरदूरचे लोक येतात. त्या वेळी कोणी पिल्लाला हात लावीत नाही, कोणी त्याच्या वाटेत उभे राहत नाही. साहसी माणसाचे वागणे असे असते. जो गडाच्या भिंतीवर आपले नाव कोरतो आणि किनाऱ्यावर बाटल्या टाकून येतो, तो कितीही उंच चढला तरी लहानच राहतो.

आता शेवटी थोडे वडील मंडळींशी आणि थोडे तुमच्याशी.

वडील मंडळींना मी म्हणेन: "नको" म्हणणे सोपे आहे, कारण त्यात आपल्याला उठावे लागत नाही. "चल, मीही येतो" म्हणणे अवघड आहे. वर्षातून एकदा तरी ते म्हणा. घराजवळची एखादी टेकडी पुरे. शाळांनी सहल बंद करू नये. ती नीट न्यावी. मुलांना पोहायला शिकवावे, जखमेवर पट्टी बांधायला शिकवावे, नकाशा वाचायला शिकवावे, आणि मगच घेऊन जावे.

आणि मुलांनो, तुम्ही आईला केवळ "जाऊ का?" असे विचारू नका. त्या प्रश्नाला "नको" हेच उत्तर येणार. तुम्ही तिला सांगा: कोठे जाणार, कोणत्या वाटेने जाणार, बरोबर जाणते माणूस कोण आहे, पाणी आणि शिदोरी किती घेतली आहे, विजेरी, शिट्टी आणि दोर घेतला आहे की नाही. अडचण आली तर ११२ या क्रमांकावर मदत मागता येते हे आम्हांला ठाऊक आहे, हेही सांगा. गड असेल तर किती वाजता, जेथे असू तेथून, परत फिरणार ते सांगा. समुद्र असेल तर त्या दिवशीची तिथी पाहून भरती-ओहोटीची वेळ काढा, ती गावातल्या जाणत्यांकडून पडताळून घेऊ असे सांगा, आणि ते जेथे नको म्हणतील तेथे पाण्याला पायही लावणार नाही, असे वचन द्या. इतके सारे ऐकल्यावर आईच्या मनातले भय सगळे जाईल असे नाही. आईचे भय कधीच सगळे जात नसते. पण तिला दिसेल, की आपले मूल निघताना परत येण्याचाही विचार करते आहे. ज्याने परतीची वेळ आधीच ठरवली आहे, त्याला निरोप देताना दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा हात थोडा कमी थरथरतो.

आणि दिलेली ती वेळ झाली, की माथा हाकेच्या अंतरावर असला तरी मागे फिरा. गड कुठे पळून जात नाही.